पाऊण वाजताची गाडी

विमान सव्वासातचं, मुंबईहून.
मी कॅलेंडरच्या पाठीवर उलटा हिशेब मांडला:
दोन तास तिथल्या रांगा, चार तास रस्ता,
अर्धा तास कसाऱ्यात आडव्या पडलेल्या
एखाद्या ट्रेलरच्या नावे.
उत्तर आलं रात्रीचा पाऊण.

ॲपवरची गाडी ऐनवेळी रद्द होते, म्हणाले कुलथे.
म्हणून पाथर्डी फाट्याचा रमाकांत आहेर.
त्याला तीनदा फोन केला.
तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, आता झोपू द्या,
नाहीतर घाटात झोपेन."

बॅगेचं वजन दोनदा. चिवडा काढला, डिंकाचे लाडू राहिले.
तू जाणार कोचीला, लेकीच्या बाळंतपणाला;
मला जायचंय फाटकापर्यंत.

साडेअकराला सहज गॅलरीत आलो.
खाली गाडी उभी. आहेर सीट मागे टाकून,
तोंडावर रुमाल, डॅशबोर्डवर दोन मोबाइल,
दोन्हींत गजर असणार.
त्याचाही स्वतःवर भरवसा नव्हता तर.

चपला हातात घेऊन जिना उतरलो
आणि फाटकावरचा दिवा मालवला.
अजून सव्वा तास.

वर आलो तर तू बॅगेचं कुलूप शोधत होतीस.
कुठंय ते मला माहीत होतं.