जिनिंगपर्यंत

डॉक्टर म्हणाले, चाला.
एवढं एकच औषध त्यांनी फुकट लिहून दिलं
आणि तेच सगळ्यात महाग पडलं.

तीस वर्षं पायीच होते मी,
सेलूच्या भोवतीच्या सगळ्या खेड्यांतून.
लसींची पेटी खांद्याला,
आणि अवेळी बोलावणं आलं की
कंदील धरून पुढं पुढं पळणारा कुणाचा तरी नवरा.
तेव्हा पावलं कुणी मोजली नाहीत.
आता नातवानं पुण्याहून घड्याळ पाठवलंय, ते मोजतं.
रात्री मनगटावर थरथरून सांगतं, नऊशे बारा.
मी ते तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवून दिलं.

घर ते जिनिंगचं फाटक.
नातू म्हणतो, नकाशावर हे काहीच नाही आजी.
नकाशावर कुठं असते
गल्लीच्या तोंडाची उघडी नाली,
आठव्या दिवशी नळ आला की
दारादारातून वाहणारं शेवाळी पाणी,
आणि पोस्टापाशी पडलेलं पिवळं कुत्रं,
ज्याचं वैर माझ्याशी नाही, काठीशी आहे.

मी अर्ध्यातून परत यायचे.
सुनेला सांगायचे, आले जाऊन.

मग एकदा चाँदपाशा टेलरच्या दुकानापुढं
विजेच्या खांबाला धरून उभी राहिले,
चपलेत खडा गेल्याचं नाटक करत.
आतलं मशीन थांबलं.
पुन्हा सुरू झालं.
दुसऱ्या दिवशी खांबाशेजारी खुर्ची.
लाल, प्लास्टिकची, एका हाताला चीर,
आणि ती चीर दाभणानं शिवलेली,
जाड काळा दोरा, टाके अगदी सारखे.

बसले.
तो म्हणाला, "सिष्टर, माझी सायरा तुमच्याच हातची.
दुधनेला पूर आला त्या साली."
मी म्हटलं, हौ.
खरं तर आठवत नव्हतं. इतकी लेकरं.
रात्रभर ते पोर हुडकत राहिले मनात,
आणि सकाळी, सापडलं नाही हे सांगायला
पुन्हा गेले.

तिथंच केरबा भेटायचा, रेल्वेतला जुना गँगमन.
"आज आठ मिनिटं लेट," म्हणायचा,
जशी मी मनमाडहून येतेय.
नालीवर कुणीतरी शहाबादी फरशी टाकली.
कुणी, ते कुणीच कबूल करेना.
नगरपालिकेचं नाव घेतलं तर गल्ली हसली.

फाल्गुनात एका सकाळी खुर्ची नव्हती.
शटर खाली. केरबालाही पत्ता नाही.
मी खांबापाशी थांबलेच नाही.
पोस्ट गेलं, कुत्रं भुंकलं की नाही कोण जाणे,
सरकीचा वास नाकात शिरला तेव्हा कळलं
जिनिंगचं फाटक मागं पडलंय
आणि मी मशिदीमागच्या बोळात लोकांना विचारतेय,
पाशाचं घर कोणतं?

पाय प्लॅस्टरात. मोरीत घसरला म्हणे.
लाल खुर्ची पलंगाशेजारी, तिच्यावर गोळ्या, पाण्याचा तांब्या.
सायरानं त्या उचलून खुर्ची मला दिली.
मी तिच्याकडं बघितलं. तरीही आठवलं नाही.
चहात साखर होती. मी प्याले.

आता दीड महिना झाला, रोज जाते.
प्लॅस्टर कालच काढलं.
पाय कसा, कणसाच्या बुरकुंडासारखा पांढरा.
म्हटलं, पाशाभाई, उद्या दारापर्यंत.
परवा खांबापर्यंत.
तो म्हणाला, "बघू, सिष्टर."

हे "बघू" माझ्याच तोंडचं.
डॉक्टरला मीही हेच म्हणाले होते.

म्हटलं, बघायचं काय त्यात?
चप्पल कुठाय तुमची?