वजन किती?

शुक्रवारी दुकान चारला उघडतं.
सोहारचं ऊन तेव्हाही पायरीवर पाय पसरून बसलेलं असतं.
ताप म्हटलं की मी वय नाही, आधी वजन विचारते.
बायका आकडा सांगतात, वर ग्रॅमसुद्धा.
बाप हात फाकवून लांबी दाखवतात,
बाजारात माशाची दाखवावी तशी.
रेजिमोन शेल्फाआड हसतो.

काहींना औषध देतच नाही.
चाळीस दिवसांचं तापलेलं बाळ आलं
तर बाटली विकत नाही, टॅक्सी बोलावते.
मालक म्हणतो, असं केलंस तर दुकान चालायचं कसं.
चालतंय की.

आज पोशट्टी कोंडलवार आला. बिलोलीकडचा.
स्मेल्टरचा निळा डगला, सुट्टीच्या दिवशीही तोच.
हातातल्या फोनमध्ये बायको,
तिच्या कडेवर लालबुंद गाल.
"ताई, पोरीला ताप हाय. किती पाजायचं?"

वजन किती?

तो फोनकडे बघतो. फोन त्याच्याकडे.
चौदा महिने झाले त्याला येऊन,
पोरगी तेरा महिन्यांची.
"कार्डावर हाय," बायको म्हणते, "पण दिवाळीतलं."
मग तीच निघते गिरणीकडे,
फोन हातात उलटा,
आम्हाला दिसतं आभाळ, विजेची तार, कुणाचं तरी कुंपण.
पिठाच्या काट्यावर आधी दोघी,
मग पोरीला गिरणीवाल्याकडे देऊन एकटी.
वजाबाकी माझी: नऊ किलो.

आता बाटली कॅमेऱ्यासमोर धर. अजून जवळ.
पाच मिलीत अडीचशे. म्हणजे जहाल आहे,
अडीच मिली पुरे, चमचा नको,
खोक्यातली पिचकारी शोध.
सहा तास जाऊ दे मधे.
पाणी पिते का? शू झाली का दुपारी?
छाती आत ओढली जात असेल, मलूल पडली,
तर मला फोन नको, सरळ दवाखाना.
ती मान हलवते. पोरगी
काट्याच्या साखळीसाठी रडते,
म्हणजे बरं आहे, मी म्हणते. रडू दे.

फोन बंद झाला.
पोशट्टीनं विचारलं, किती झाले.
काहीच नाही झाले.
त्याला ते पटेना. रिकाम्या हाती कसं जायचं,
म्हणून दाराशी रचलेल्या पाण्याकडे वळला.
दीड लिटरच्या सहा बाटल्यांचा गठ्ठा.

"ह्येचं किती?"

सहाशे बैसा, म्हणाला रेजिमोन.
मी म्हणाले, नऊ किलो.

तो वाकला.
प्लॅस्टिकच्या कडीला हात घातला नाही,
खालून, दोन्ही तळव्यांवर घेतला,
एक कड खांद्याला टेकवली,
आणि तसाच उभा राहिला
एसीच्या झोतापासून जरा बाजूला.