वीतभर निळा

फ्लेक्स उतरवला तेव्हा आधी कबुतरं उडाली,
मग कुणाच्या तरी जुन्या वाढदिवसाची धूळ.
फ्लेक्सच्या मागं पत्रा, पत्र्यामागं माझ्याच दुकानाची पाटी,
पाटीमागं
कमान निघाली.
चाळीस वर्षं तिच्याखाली बटणं विकतोय, चेन, अस्तर, लेस,
आणि मला वाटायचं, वर नुसती भिंत आहे.

पापाच्या तिकटीकडं जाणारी रहदारी अडलेली.
बाबालाल गवंडी परातीत चुना कालवतोय:
हिरड्याचं पाणी, बेलफळाचा चीक,
आणि शाहूपुरीतून आणलेला गूळ, रवा फोडून.
"खायचा असतोय तसलाच लागतोय," म्हणतो,
"भेसळीचा घातला की दगूड थुंकतोय."
शाळेची पोरं जाता-जाता खडा उचलतात.
तो बघून न बघितल्यासारखं करतो.

कारदगेबाई. डोक्यावर पिवळं हेल्मेट,
पायात कापशी चप्पल, हातात डॉक्टरांचं पातं.
भिंतीचा एकेक पापुद्रा काढते:
गुलाबी, त्याखाली पोपटी,
त्याखाली निळा.
"हा कधीचा हो?"

एक्क्याऐंशीचा. थोरल्या अक्काच्या लग्नाचा.
रंगाऱ्याला द्यायला पैसे नव्हते,
बापानं चुन्यात नीळ कालवून रात्रभर स्वतः मारला.
मी कंदील धरून उभा, डुलक्या खात.
सकाळी त्याच्या भुवयासुद्धा निळ्या.

हे मी सांगत नाही.
"असंल जुना," म्हणतो.

"हे सगळं निघणार काका. मूळ दगड मोकळा करायचाय."
मूळ.
दगडाला विचारलं तर तो डोंगर सांगेल.

शेजारचा सराफ खूष, आता परगावचे लोक फोटो काढतील.
वरच्या मजल्यावरचा शिंपी गप्प.
इमारत नटली की भाडं वाढतं, एवढं त्याला
न मोजता कळतं.

आषाढाच्या आत काम उरकलं.
संध्याकाळी दिवे लावून पाहिले:
काळा दगड, पांढऱ्या सांध्यांची रेघ,
माना वर करून अख्खी पेठ उभी.
देखणी आहे, खोटं कशाला बोलू.

बाबालाल थाप्या धुता धुता हळूच म्हणाला,
"पन्हाळीच्या पायपामागं वीतभर ठेवलाय.
बाईस्नी ठावं हाय. तिनंच सांगितलं."

मी काही बोललो नव्हतो तिला.
पातं भुवयांपर्यंत पोचलं असेल काय?

"काय बघतायसा मान वाकडी करून?"
गिऱ्हाईक.
"काय न्हाई. किती डझन देऊ?"