अजून नाही

बटाट्याच्या काढणीची सुट्टी आहे.
शाळा बंद, म्हणून माझी पिवळी बस अंगणात उभी,
आणि मेनच्या या वरच्या टोकाला
ट्रकांमागून रस्ताभर माती सांडते आहे
पहाटे चारपासून.

बाबा स्वयंपाकघरात बसलेत, खिडकीकडे पाठ करून.
डॉटीच्या डायनरमध्ये अडतीस वर्षं
त्यांनी परक्यांना न्याहारी खिलवली:
ट्रकवाले, सीमेवरचे शिपाई, लाकूडतोडे,
एकदा एक नवरी, भर पांढऱ्या झग्यात, एकटीच.
घरी आम्हाला कॉर्नफ्लेक्स.
सुट्टीच्या दिवशी तव्याचं तोंड बघणार नाही, म्हणायचे.

मार्चमध्ये डावा हात गेला आणि इंग्रजी गेली.
उरली ती त्यांच्या आईची फ्रेंच, तीही मूठभर:
हो. पाणी. ओडेट.
आणि पा-झांकोर, म्हणजे अजून नाही.

आज मी दोन बटाटे टेबलावर ठेवले,
समोरच्या वेलेटांच्या शेतातले, गार, डोळ्यांत माती.
म्हटलं, शिकवा.
त्यांनी एक उचलून तोलला,
वजन नाही, वय बघावं तसा,
आणि किसणीकडे बोट केलं. मोठ्या भोकांची बाजू.

किसले. बोटाचं थोडं सालही गेलं.
किस हवा लागताच गुलाबी होतो, मग करडा,
म्हणून गार पाण्यात बुडवला.
पाणी दुधासारखं झालं. ओतायला भांडं उचललं.
"पा-झांकोर."
थांबले. वर निवळलं, तळाशी सत्त्व बसलं
पांढरं, घट्ट, नखाने खरवडावं असं.
वरचं पाणी गेलं. ते राहिलं.

मग टॉवेल.
पिळायला दोन हात लागतात, माझे दोन होते,
पण त्यांनी एक टोक ओढून घेतलं.
मी इकडे पीळ दिला, त्यांनी तिकडे, उलटा,
चादर दोघांनी धरून पिळावी तसा,
आणि जे पाणी गळायला लागलं ते संपेचना.
एवढ्याशा दोन बटाट्यांत एवढं होतं कुठे?

बिडाचा तवा. तेल, त्यात थोडं लोणी.
पाण्याचा थेंब नाचला तेव्हा त्यांनी मान हलवली.
किसाला सत्त्व चोळलं, मीठ घातलं, पसरला. चर्र झालं.
चर्रचं हळूहळू चुरचुर झालं.
मी उलथणं उचललं. "पा-झांकोर."
कड सुटली की हो. "पा-झांकोर."
खालून बघू तरी द्या. "पा-झांकोर."
वाटलं, हा एकच शब्द अडकलाय,
रेकॉर्डवर सुई अडकावी तसा.
आता सगळ्यालाच हे म्हणणार:
काठीला, नव्या डॉक्टरला,
त्या वृद्धाश्रमाच्या कागदांना,
जे मी फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलेत,
मजकुराची बाजू आत.

मग आवाज बदलला.
मला नाही कळलं, त्यांना कळलं.
टेबलाला रेटा देऊन उठले,
उजव्या हातात उलथणं घेतलं, कडेकडेने सोडवलं,
आणि उलटवलं.
अर्धं तव्यात पडलं. अर्धं शेगडीवर.

तव्यातलं खरपूस, कडांना जाळी,
इतकं कुरकुरीत की खाताना
बाहेरचे ट्रक ऐकू येईनात.
आत मऊ, नुसती वाफ.

शेगडीवरचं पुसायला मी फडकं घेतलं.
ते त्यांनी बोटांनी उचलून खाल्लं,
तोंड वेडंवाकडं केलं,
आणि मार्चनंतर त्यांना पहिल्यांदा
एक नवा शब्द सापडला:
"मीठ."

कमी की जास्त,
ते कळायला आणखी दोन बटाटे लागणार होते.