काखेतलं अलगूज

थेडा अलगूज काखेत धरून बसते,
कोटाच्या आत, लोकरीच्या दोन थरांखाली,
खुडूक कोंबडीसारखी, कुणाशी न बोलता.
गार लाकडात ऊन श्वास गेला
की त्याला घाम फुटतो, म्हणते.

जानेवारी. विटांचं चर्च, मातीच्या उंचवट्यावर.
खाली बांध घालून समुद्राकडून मिळवलेली कुरणं,
तीही आज पांढरी.
बाकांवर एकोणीस माणसं आणि
पाद्रीणबाईंचं म्हातारं कुत्रं.

ज्यानं हे रचलं त्याचं नाव
उंदरांनी खाल्लंय पहिल्या पानावरून.
उरलाय शाईचा एक डाग
आणि 'सावकाश' हा शब्द, दोनदा अधोरेखित.

मी व्हायोला.
म्हणजे पंगतीत मीठ वाढणारा.
आम्ही सहा जण मुसंडी मारून सुरू होतो,
आणि अलगूज आलं रे आलं
की धनुष्यं आखडती घेतो, जवळजवळ माफी मागत;
त्याचा आवाज एवढासा.
पेल्यात चमचा वाजला तरी बुडेल.

मधल्या भागात मला काम नाही.
एकतीस मापं गप्प.
फोक्को चेलोच्या तारा नुसत्या छेडतो,
चार स्वर उतरते, पुन्हा तेच चार,
आणि वरून ती एकटी.
मी मोजतो. सतरा. अठरा.
बोटं मांडीवर. एकोणीस.

विसाव्याला सूर घोगरा झाला,
एकविसाव्याला गेलाच.

पाणी.
दिवसभर खाडीचे दरवाजे सांभाळणारी बाई,
भरतीच्या वेळा तोंडपाठ असलेली,
आणि शिट्टीच्या फटीत अडकलेले हे चार थेंब.

फोक्को थांबला नाही.
तेच चार स्वर, पुन्हा, पुन्हा,
दार उघडेपर्यंत पायरीवर
कुणी पाय आपटत राहावं तसे.
तिनं खिडकीवर बोट ठेवलं आणि जोरात फुंकलं:
फस्स.
मागच्या बाकावर एक पोर खिदळलं.
कुत्र्यानं मान वर केली.

मग ती आली.
सोडलं होतं तिथून नाही,
एक माप आधीपासून,
खोकल्यानंतर माणूस
आपलाच शेवटचा शब्द पुन्हा म्हणतो ना,
तसं.

माझी मोजणी केव्हा सुटली कळलं नाही.
पंचवीस असेल. चाळीसही असेल.
हातात धनुष्य, पुढे कागद,
आणि मी चक्क ऐकत बसलो होतो.
तिसऱ्या भागात अर्धं माप उशिरा घुसलो.
हिनरिकानं पहिल्या व्हायोलिनवरून
असा काही कटाक्ष टाकला
की अजून मानेवर आहे.

नंतर वेदीमागच्या खोलीत चहा.
कपाच्या तळाशी खडीसाखर,
वरून कढत ओतला की तडकते, ते ऐकायला
सगळे क्षणभर गप्प होतात इथे,
रिवाजच आहे.
साय ढवळायची नाही.

थेडानं अलगूजाचे तीन तुकडे सुटे केले,
काडीला फडकं गुंडाळून आतून फिरवलं
आणि माझ्यासमोर धरलं.
रुपयाएवढी ओल.
"हा घे," म्हणाली,
"तुझा मधला भाग."