धोपटीतला आरसा

योस्ट त्याचं नाव. गावानं पहिल्याच आठवड्यात
त्याचा जोशी केला,
आणि तोही ओ देऊ लागला.

टेकडीवरल्या देवळात उजेड नव्हता.
म्हणून माझ्या बापाच्या धोपटीतला आरसा
आणि आरशामागे मी, वय नऊ.
"तिरपा धर," तो म्हणायचा, "अजून तिरपा.
समोरून पाहिलं की अक्षरं लपतात."
ऊन दगडावरून सरपटत जायचं
आणि मधेच एखादा म उठून बसायचा.

ओला कागद, ब्रशाचे फटके, फडक्याच्या बोंडीनं शाई.
संध्याकाळी पारावर तो वाचून दाखवी:
राजानं गाव दान दिलं आहे.
इथे शिपायांनी शिरू नये.
दूध मागू नये, फुलं मागू नयेत, गवतही नाही.
डोमाजी बिडी विझवत म्हणाला,
"हे तलाठ्याले दाखवलं का जी?"

"तुमचं गाव कोणतं, जोशीबुवा?"
समुद्राच्या खाली, तो म्हणाला.
वडील कालव्याच्या फाटकावर नोकरीला,
रात्री उठून पाणी मोजायचे.
"मंग आमच्या तलावावानीच. पाळ फुटली का गेलं."
त्यानं वही काढली.
पालि होता हा शब्द, म्हणाला, राजाच्याही आधीपासून.
घासून घासून पाळ झाला,
फुटला मात्र नाही.
त्या रात्री चपला हातात घेऊन
तो पाळीवरून चालत राहिला.

शेवटच्या ओळीचा कोपरा उडालेला होता.
तिथेच दान दिलेल्या गावाचं नाव.
आम्हाला वाटे, आमचंच.
तो तसं कधी म्हणाला नाही.
सव्वीस वर्षं येत राहिला,
कधी थंडीत, कधी मोहफुलं पडताना,
आणि छापील पुस्तकात त्या जागी
तीन टिंबं ठेवली.
डोमाजीचा पोरगा चिडला:
"इतकं जेवला आमच्या घरी,
एक नाव लिवाले काय जात होतं?"

अखेरच्या खेपेला डोळे गेलेले.
मी सवयीनं आरसा नेला.
"राहू दे," म्हणाला, आणि बोटांनी वाचू लागला.
तुटक्या कडेवर बोटं थांबली, बराच वेळ.
दाढी वाढली होती.
तिथेच पायरीवर बसवून मी ती केली.

मुलीचं पत्र आलं, मराठीत, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं.

आता मौद्याला माझं दुकान आहे. आरसा तोच.
चार वाजता ऊन आत येतं.
समोर भिंत, कॅलेंडर, चुन्याचे पोपडे.
मी आरसा जरा तिरपा करतो.
खुर्चीतला माणूस म्हणतो,
"भाऊ, माहं तोंड कुठी गेलं?"