वखारीवरची माडी

मार्केट यार्डामागं, पोरेंच्या हळदीच्या वखारीवर
महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी
पंचवीस खुर्च्या, एक माईक
आणि पाटीवर खडूनं लिहिलेली अट:
गाणं स्वतःचं हवं.

खालची हळद फळ्यांच्या फटींतून वर येते.
गिटारच्या तारा पिवळ्या पडतात.
पांढरा शर्ट घालून इथं कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

मी दारात बसून वहीत नावं घेते.
शेवटी माझं लिहिते, खोडते.

त्या रात्री तौफिक शिकलगार
वजनकाट्यावरचं गाणं घेऊन आला.
दिवसभर पोती तोलतो, तसाच उभा राहिला,
एक पाय जरा पुढं.
दोन कडवी झाली, तिसरं गेलं.
जुनं गाणं असतं
तर सगळ्या माडीनं उचलून दिलं असतं.
हे कालपरवाचं. कुणाला काय ठाऊक?
पंखा तेवढा फिरत होता.

मग मागं कुणीतरी शिंकलं.
खणखणीत.
तौफिक हसला, म्हणाला, "हां, सव्वा किलो,"
आणि सुटलेलं गाणं
पुन्हा हाताला लागलं त्याच्या.

पुढच्या महिन्यात तेच गाणं.
तिसऱ्या कडव्याआधी तो थांबला,
मुद्दाम,
मान खाली, बोट तारेवर.
कुणाच्याच नाकाला काही झालं नव्हतं.
यार्डात एक ट्रक मागं येत राहिला,
टूं टूं टूं.

मी वही मिटली,
ओढणी नाकाला लावली
आणि खोटंच शिंकले,
एक मात्रा उशिरा.
तेवढं तो थांबला.